पाणबुडी पंप विंधन विहिरीत सोडण्यापूर्वी

पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी बंदिस्त नळांवाटे, केवळ उताराच्या बळावर, पुणे शहरातील हौदांपर्यंत येत असे. आज त्याच शहराच्या कडेला, हवेली तालुक्यातील मळ्यांत, काळ्या पाषाणाच्या भेगांतील पाणी विंधन विहिरीतून वर ओढावे लागते व ते काम पाणबुडी पंपाकडे आले आहे. हा पंप मोटारीसह पाण्याखाली राहतो. काठावरील पंप बिघडला तर बिघाड डोळ्यांना दिसतो. पाणबुडी पंपाचा दोष शोधावयाचा तर सगळे पाईप एकामागून एक वर काढावे लागतात. म्हणून पंप खाली सोडण्यापूर्वी जमिनीवर जे तास-दोन तास खर्ची पडतात, त्यांत घाई करू नये.

सर्वप्रथम वीज बंद करावी. केवळ मेनस्विच खाली ओढून भागत नाही; किटकॅट काढून काम करणाऱ्याने ते आपल्या खिशात ठेवावेत. शेतीची वीज पाळीपाळीने येते, आणि ती आली म्हणून कोणी भाबडेपणाने स्विच चढविल्यास उघड्या वायरीजवळ बसलेल्या माणसाचा जीव जातो. स्टार्टर व मोटार यांची अर्थिंग पक्की आहे, हेही याच वेळी पाहून घ्यावे. वायरी जोडण्याचे काम परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने मात्र ते समोर उभे राहून पाहावे.

आता मोटारीकडे वळू. या मोटारी दोन जातींच्या असतात. काहींत कारखान्यातच तेल भरून त्या बंद केलेल्या असतात. त्यांचे बूच उघडू नये व त्यांत पाणी घालू नये. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी दिसणारी, वाइंडिंग पुन्हा भरता येणारी मोटार मात्र पाण्याने भरावयाची असते. आतील बेअरिंगना वंगण मिळते ते या पाण्याचेच. मोटार कोणत्या जातीची आहे हे सोबतच्या पुस्तिकेवरून ठरवावे.

पाणी भरताना मोटार उभी, आधार देऊन ठेवावी व वरची दोन्ही बुचे काढावीत. एका छिद्रातून नरसाळ्याने स्वच्छ, गाळलेले, पिण्याजोगे पाणी सावकाश ओतावे. दुसऱ्यातून हवा बाहेर पडते. गढूळ अथवा रेतीमिश्रित पाणी कदापि घालू नये. छिद्र काठोकाठ भरले की मोटार भरली, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः वाइंडिंगच्या तारांमध्ये हवा अडकून राहिलेली असते. यासाठी मोटार हलकेच हलवावी, शाफ्ट हाताने फिरवावा, अर्धा तास थांबावे आणि पातळी उतरली असल्यास पुन्हा भरावे. बुडबुडे थांबल्यावर बुचे घट्ट बसवावीत, मोटार कोरड्या फडक्याने पुसावी व कोठे ओल पाझरते काय ते पाहावे.

कित्येक मिस्त्री मोटार जमिनीवर असतानाच तिला विजेचा ‘झटका’ देऊन फिरण्याची दिशा पाहतात. ही सवय मोडलीच पाहिजे. पाण्यावाचून पंप क्षणभर फिरला तरी त्याची बेअरिंगे घासली जातात. दिशा नंतरही कळते: पंप पाण्यात सोडल्यावर पाणी फारच कमी येत असेल, तर वीज बंद करून तीनपैकी कोणत्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल कराव्यात.

पंप मोटारीवर बसविण्यापूर्वी दोहोंचे शाफ्ट हाताने मोकळे फिरतात याची खात्री करावी. जोडावयाची तोंडे पुसून घ्यावीत. तेथे राहिलेला मातीचा कणही पंप तिरका बसवितो. नट एकाच बाजूने आवळत न जाता समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. जोडणी झाल्यावर शाफ्ट पुन्हा फिरवून पाहावा. तो अडत असेल तर जोडणी उलगडावी. जाळी व वायरीवरील पत्र्याचे संरक्षण शेवटी बसवावे. जोडलेला लांब पंप आडवा असताना एका टोकाने उचलू नये, शाफ्ट वाकतो.

वायरीचा सांधा हे सर्वांत नाजूक स्थान होय. तिन्ही तारा कमीअधिक लांबीच्या कापाव्यात, म्हणजे सांधे एकमेकांसमोर येत नाहीत. तार चकचकीत घासून तांब्याच्या नळीत दाबावी, नंतर रबरी टेप ताणून, प्रत्येक वेढा मागल्या वेढ्यावर अर्धा येईल असा गुंडाळावा व त्यावर प्लॅस्टिक टेप लावावी. मग वायरीची टोके बाहेर ठेवून सांधा काही तास पाण्याच्या बादलीत बुडवावा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने वायर व मोटारीचे अंग यांमधील रोध मोजावा. नव्या मोटारीत तो पुष्कळ मोठा आला पाहिजे. १ मेगोमपेक्षा कमी आल्यास पंप विहिरीत सोडूच नये. मेगरचाही धक्का बसतो, तेव्हा मोजणी चालू असता टोकांस हात लावू नये.

विहिरीची खोली व पाण्याची पातळी दोरीस वजन बांधून मोजलेली असावी. पंप तळाशी टेकवू नये, गाळ ओढला जातो. पंपाचा भार पाईपांनी व क्लॅम्पांनीच पेलावा, वायरीने नव्हे. वायर पाईपास साधारण दर ३ मीटरवर बांधावी. उतरविताना तिवई व चेन-पुली वापरावी, आणि विहिरीचे तोंड फडक्याने झाकून ठेवावे. आत पडलेला एक पाना सबंध विंधन विहीर निकामी करू शकतो.

किती पाईप उतरले, पंप किती खोलीवर आहे व मेगरने काय दाखविले, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. पुढे केव्हा पंप वर काढावा लागला, तर मिस्त्री पहिल्याने हेच विचारील.