गिझर बिघडला? खिशात हात घालण्याआधी हे वाचा

फजरची अजान झालेली असते. बाहेर कडाक्याची थंडी, घरात म्हातारी अम्मी वुजूसाठी गरम पाण्याची वाट बघत बसलेली आणि नेमका त्याच दिवशी गिझर बंद पडतो. वाट पाहायला वेळ नसतो, म्हणून जो मिस्त्री आधी सापडेल त्याला आपण बोलावतो. तो वर बघतो, खाली ठिबकणारं पाणी दाखवतो आणि म्हणतो, "टाकी फुटली, आता नवीनच घ्या." आपण मान डोलावतो आणि आठ-नऊ हजार रुपये मोजतो.

कधी तो खरं सांगत असतो. पण कधी बिघाड फक्त रबराच्या एका गॅस्केटचा असतो, त्याची किंमत नव्या गिझरच्या मानाने नगण्य असते. हा फरक आपल्याला ओळखता आला, तर हलालच्या कमाईचे पैसे वाचतात. आणि काही ठिकाणी पैसे वाचवणं जीवावर बेततं, तेही कळलं पाहिजे.

आत असतं तरी काय?

पूर्वी आपल्या घरांत तांब्याचा बंब असायचा. खाली जाळ, वर पाणी. विजेच्या टाकीवाल्या गिझरचं कामही तसं सोपंच आहे. पोलादी टाकी, पाणी तापवणारी कॉइल, ठरावीक तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट, तो फेल झाला तर शेवटचा बचाव म्हणून कटआउट, आणि आतला दाब वाढला तर पाणी बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. शिवाय टाकीत मॅग्नेशियमची एक दांडी असते, तिला अॅनोड रॉड म्हणतात. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंज लागण्यापासून वाचवते. ती संपली की गंज टाकीकडे वळतो.

लक्षण बघा, मग खर्चाचा अंदाज बांधा

लाइटच लागत नाही: आधी एमसीबी आणि सॉकेट तपासून घ्या. गिझरला १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. साध्या छोट्या सॉकेटवर लावला असेल तर तो आतून जळून काळा पडतो. यात गिझरचा दोष नाही.

लाइट लागते, पण पाणी गारच: बहुतेक वेळा कॉइल गेलेली असते किंवा कटआउट पडलेला असतो. कटआउट काही वेळा नुसता रिसेट करून चालू होतो. पण तो पुन्हा पुन्हा पडत असेल तर थर्मोस्टॅट तपासायलाच हवा.

पाणी उकळतं, नळातून वाफ येते: थर्मोस्टॅट अडकला आहे. गिझर लगेच बंद करा.

चालू करताच एमसीबी किंवा ईएलसीबी पडतो: कॉइलमधून वीज उतरत असण्याची शक्यता मोठी. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.

पाणी ठिबकतं: इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून चार-दोन थेंब पडणं हा बिघाड नाही, तापलेलं पाणी पसरतं म्हणून ते येतात. तो व्हॉल्व्ह कधीही बुजवू नका. गळती खालच्या बाजूने असेल तर मिस्त्रीला वीज तोडून खालचं झाकण उघडायला सांगा आणि स्वतः बघा. कॉइल बसवलेल्या गोल प्लेटच्या कडेने पाणी येत असेल तर गॅस्केट बदलून भागतं. टाकीच्या पत्र्यातून किंवा जोडावरून येत असेल तर मात्र टाकी गेली. तिला वेल्डिंग किंवा एम-सील करून घेण्यात अर्थ नाही.

साधारण खर्च

गाव, कंपनी आणि मॉडेलप्रमाणे दर बदलतात, तरी अंदाज असावा. मेकॅनिकची नुसती भेट ३०० ते ५०० रुपये. थर्मोस्टॅट किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह साधारण २०० ते ६०० रुपयांत. कॉइल ५०० ते १,२०० रुपये. टाकी उघडून क्षार काढण्याची सर्व्हिस ४०० ते ८०० रुपये. १५ लिटरचा नवा गिझर साधारण ६,००० ते १०,००० रुपयांना पडतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं बिल असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरा.

ढोबळ हिशेब असा ठेवा: टाकी शाबूत असेल तर दुरुस्ती करा. टाकी गेली असेल, किंवा गिझर सात-आठ वर्षं जुना आहे आणि खर्च नव्याच्या निम्म्यावर जातोय, तर नवीन घ्या. त्याआधी वॉरंटी कार्ड मात्र शोधा. अनेक कंपन्या टाकीला बाकीच्या भागांपेक्षा जास्त वर्षांची वॉरंटी देतात आणि ते आपल्या लक्षातच नसतं.

मिस्त्रीशी बोलताना

काम सुरू होण्याआधी दर विचारा. जुना भाग परत मागा. नवा भाग आयएसआय मार्कचा आहे का ते बघा. कच्च्या कागदावर का होईना, तारखेसह बिल लिहून घ्या. काम नीट झालं की त्याची मजुरी लगेच द्या, घासाघीस करून त्याला ताटकळत ठेवू नका. तीही आपल्यावर जबाबदारी आहे.

कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे ठगांचे खोटे नंबर असतात. तो वॉरंटी कार्डावरूनच घ्या. "आधी दहा रुपये पाठवा", "हे अॅप टाका" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

इथे पैसे वाचवू नका

पहिली गोष्ट अर्थिंग. ओल्या अंगाने आपण त्या नळाला हात लावतो. अर्थिंग नीट नसेल आणि कॉइलमधून वीज उतरली तर नळालाही करंट येतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. एकदाच करायचा खर्च आहे. तोवर पाणी तापवून घ्या, बटण बंद करा आणि मगच गुसलला जा.

दुसरी गोष्ट गॅस गिझर. छोट्या फ्लॅटमध्ये तो बाथरूमच्या आत लावतात आणि दार-खिडकी बंद करून अंघोळ करतात. तिथला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. दर हिवाळ्यात यामुळे माणसं गेल्याच्या बातम्या येतात. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी हवा. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली तर वापर थांबवून मेकॅनिकला बोलवा. अंघोळ करताना डोकं दुखलं, चक्कर आली, मळमळलं तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या. कुणी आत बेशुद्ध पडलं असेल तर दार उघडून त्याला बाहेर काढा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा.

वर्षातून एकदा

बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षारांचा थर चढतो. मग पाणी उशिरा तापतं, बिल वाढतं आणि कॉइल लवकर जाते. थंडी सुरू होण्याआधी सर्व्हिस करून घ्या आणि त्याच वेळी अॅनोड रॉड किती उरला आहे ते बघायला सांगा. तापमान ५० ते ६० अंशांवर ठेवा. मुलं आणि वृद्ध असतील तर आधी बालदीत गार पाणी घ्या, मग गरम.

विजेचा हिशेबही सोपा आहे. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.७ युनिट लागतं. दोन हजार वॉटच्या गिझरला त्यासाठी वीस-बावीस मिनिटं पुरतात. रात्रभर चालू ठेवणं हा निव्वळ इसराफ आहे.

हेच सगळं मोहल्ल्याच्या मशिदीतल्या वुजूखान्यालाही लागू आहे. तिथला गिझर चंद्याच्या पैशांतून आलेला असतो आणि तो पैसा अमानत आहे. शिवाय तिथे रोज कितीतरी ओले हात त्या नळांना लागतात. या जुम्याला नमाजनंतर ट्रस्टींना एवढंच विचारा: आपल्या गिझरची अर्थिंग शेवटची कधी तपासली?