शाळामास्तर नंबर ६१७४

भुसावळहून रोज अपडाऊन करताय? मोबाइलची रेंज गेली की हा टाइमपास करून बघा. पंजाब मेलचा नंबर १२१३७. पहिला १ खाली उतरवा, उरले २१३७. हे आकडे उतरत्या क्रमाने लिहा, ७३२१. मग चढत्या, १२३७. वजाबाकी करा, ६०८४. आता उत्तराचं पुन्हा तेच. ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ अशी स्टेशनं घेत गाडी ६१७४ वर येते आणि पुढे सरकतच नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४! चारही आकडे सारखे नसले की कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात फेऱ्यांत इथेच पोचते. (पंजाब मेलला पूर्ण सात लागल्या. इथेही लेटच!)

ही गंमत १९४९ साली शोधली दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म डहाणूचा, १९०५ चा. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलं, १९२९ ला बी.एस्सी. झाले. बस्स, पुढे एम.एस्सी. नाही की पीएच.डी. नाही. १९३० ते १९६२ ते शाळामास्तर होते देवळालीत, म्हणजे आपल्याच भुसावळ डिव्हिजनमध्ये.

या माणसाला आकड्यांचं अक्षरशः व्यसन होतं. डोंबिवली स्टेशनवर लोकांना गर्दी दिसते. यांना तिथे १, १२१, १२३२१ अशा संख्यांचा अभ्यास करायचं सुचलं. मग त्या झाल्या ‘डेम्लो संख्या’, स्टेशनच्या नावावरून! आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी नाव दिलं ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या. मला विचाराल तर ६१७४ पेक्षा हे बारसं जास्त भारी आहे.

पण कौतुक कुणाला? देशातल्या बऱ्याच गणितज्ञांना हा पोरखेळ वाटायचा. मग हे स्वतःच पुस्तिका छापायचे. रिटायर झाल्यावर पेन्शन पुरेना, म्हणून गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेतल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगभर नाव झालं. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते गेले.

परतीच्या गाडीत तीन अंकी संख्या घेऊन बघा, मुक्काम येईल ४९५. पाच अंकींना मात्र असं शेवटचं स्टेशनच नाही, त्या गोल गोल फिरत राहतात. म्हणून तर १२१३७ मधला तो १ आधीच उतरवला!