प्रमाणपत्राला धनी लागतो

विद्या शिकविणें हें एक काम आणि शिकलेल्याची पारख करून तशी ग्वाही देणें हें दुसरें. सांताक्रूझला कलिना येथील विद्यानगरींत ज्या मुंबई विद्यापीठाचे वर्ग आज भरतात, तें १८५७ सालीं स्थापन झालें तेव्हां मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होतें. अध्यापन महाविद्यालयें करीत. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवी, परीक्षा घेई व पदवी देई. १८५९ सालच्या पहिल्या मॅट्रिक्युलेशन परीक्षेंत महादेव गोविंद रानडे उत्तीर्ण झाले. अशा दाखल्याला मोल येतें तें कागदामुळें नव्हे, तर त्यामागें जबाबदार धनी उभा असतो म्हणून.

हा भेद ध्यानांत घेतला म्हणजे संगणकविद्येंतील एक कोडें उलगडतें. संगणकाचा सारा कारभार चालविणारी जी मूळ आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कांहींचा मजकूर सर्वांस खुला असतो; तो कोणींही वाचावा, सुधारावा, वांटावा. १९९१ सालीं लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें आरंभिलेली लायनक्स ही त्यांतलीच. तिचा गाभा एक, पण त्याभोंवतीं रचलेले संच अनेक. त्यांपैकीं ‘रेड हॅट’ची परीक्षा आहे, ‘डेबियन’ची नाहीं. मग मुलाच्या शिक्षणासाठीं पैसे मोजणारें घर साहजिकच विचारतें : जिची परीक्षा नाहीं ती विद्या कच्ची तर नव्हे?

तसें मुळींच नाहीं. रेड हॅट ही व्यापारी कंपनी. आज्ञावलीचा मजकूर खुला असला, तरी देखभालीच्या वर्गणींतून तिला उत्पन्न होतें. ग्राहकांच्या कचेरींत जाणकार माणसें असलीं म्हणजे ग्राहक टिकतो. म्हणून परीक्षा घेणें तिच्या हिताचेंच आहे.

डेबियनची गोष्ट निराळी. इअन मर्डॉक यांनीं १९९३ सालीं आरंभिलेलें हें काम जगभरचे स्वयंसेवक चालवितात. त्यांना कांहीं विकावयाचें नाहीं. परीक्षा म्हटली कीं प्रश्न गुप्त राखावयाचे, केंद्रें नेमावयाचीं, तोतया उमेदवार ओळखावयाचे, तक्रारी निवारावयाच्या आणि नवी आवृत्ति निघाली कीं प्रश्न पुन्हा काढावयाचे. ही पदरमोड कोणीं करावी? सभासद होऊं इच्छिणाऱ्याची पारख डेबियनही कसून करतें. पण ती त्याच्या हातीं किल्ल्या सोंपविण्यापूर्वींची खातरजमा आहे, नोकरीचा दाखला नव्हे.

‘बी.एस.डी.’ या दुसऱ्या खुल्या घराण्यासाठीं कांहीं जाणकारांनीं २००५ सालीं मंडळ स्थापून परीक्षा उभी केली. पुढें ती लायनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटच्या छत्राखालीं गेली. १९९९ सालीं निघालेली ही संस्था स्वतः कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम विकत नाहीं. केवळ परीक्षा घेते. १८५७ चें विद्यापीठ आणि ही संस्था यांची जात एकच. तिच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेंत आज्ञावली बसविण्याची डेबियनची पद्धत आणि रेड हॅटची पद्धत, दोन्ही विचारल्या जातात.

तेव्हां दाखल्याचा अभाव हा गुणाचा अभाव नव्हे. पुण्यांत मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ या सरकारी संस्थेनें ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली ऑपरेटिंग सिस्टीम काढली, ती याच डेबियनच्या पायावर.

घरच्यांनीं विचार करावा तो असा. ज्या कचेऱ्यांत रेड हॅट वापरतात तेथें जावयाचें असेल, तर त्या कंपनीची परीक्षा उपयोगी. मात्र त्या दाखल्याला मुदत असते, हें शुल्क भरण्यापूर्वीं ध्यानीं असावें. व्यापक ज्ञानाचा पुरावा हवा असेल, तर त्रयस्थ संस्थेची परीक्षा बरी. आणि डेबियनच शिकावयाचें असेल, तर मुलानें एखादा दोष शोधून दुरुस्त करावा. अशा दुरुस्त्यांची नोंद कर्त्याच्या नांवासह सर्वांसमोर राहते. नोकरी देणाऱ्याला ती केव्हांही वाचतां येते.