समुद्रकाठच्या गावाचा कारभार

कोकणच्या किनाऱ्यावरील एखाद्या लहान शहरात नळाला पाणी आले नाही, गटार तुंबले, वाळूवर कचऱ्याचा ढीग साचला, जेटीची पायरी निखळली किंवा घराला पडवी काढण्याची परवानगी अडली, म्हणजे गावातील गृहस्थ एकाच संस्थेला बोल लावतो. ती संस्था म्हणजे नगरपालिका. कायद्यात तिचे नाव नगरपरिषद असे आहे. तथापि लोकांच्या तोंडी जुनेच नाव रुळलेले आहे व येथेही तेच वापरणे सोयीचे होईल. वर सांगितलेल्या पाच तक्रारींपैकी सर्वस्वी नगरपालिकेच्या हातातील तक्रारी कोणत्या, असे विचारले तर पुष्कळ सुशिक्षित माणसेही घुटमळतील. आणि ज्याला हे ठाऊक नाही त्याची तक्रार, कितीही न्याय्य असली तरी, एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहते.

उदाहरणादाखल सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण हे शहर घेता येईल. १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला उभारला, आणि त्या किल्ल्याच्या सावलीत हे बंदर वाढले. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे साडेअठरा हजार भरली. मासेमारी हा येथील जुना धंदा. त्याच्या जोडीला गेल्या काही दशकांत पर्यटन आले. गाव लहान, परंतु त्याच्यापुढील प्रश्न लहान नाहीत.

नगरपालिका ही संस्था या किनाऱ्याला नवी नव्हे. मालवणच्या दक्षिणेस असलेल्या वेंगुर्ल्याची नगरपालिका १८७६ साली स्थापन झाली. १८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा सुप्रसिद्ध ठराव प्रसिद्ध केला, त्याच्याही सहा वर्षे आधीची ही गोष्ट आहे. आजचा कारभार चालतो तो महाराष्ट्राच्या १९६५ च्या अधिनियमाने. या अधिनियमात लोकसंख्येवरून नगरपालिकांचे तीन वर्ग पाडलेले आहेत. एक लाखाहून अधिक वस्तीची ती ‘अ’ वर्गाची, चाळीस हजारांहून अधिक व एक लाखापर्यंतची ती ‘ब’ वर्गाची, आणि चाळीस हजार किंवा त्याहून कमी वस्तीची ती ‘क’ वर्गाची. मालवण व वेंगुर्ले ही दोन्ही शहरे या तिसऱ्या वर्गात मोडतात. वर्ग तिसरा म्हणून कर्तव्ये मात्र तिसऱ्या प्रतीची नाहीत. रस्त्यांवर दिवे लावणे, रस्ते व गटारे साफ ठेवणे, पिण्याचे पाणी पुरविणे, मैल्याची व्यवस्था लावणे, जन्ममृत्यूंची नोंद ठेवणे ही कामे कायद्याने आवश्यक ठरविली आहेत. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तर नगरपालिकांकडे सोपविता येतील अशा अठरा विषयांची यादीच राज्यघटनेस जोडली.

कर्तव्यांची यादी लांब असली तरी ती पार पाडण्यास पैसा लागतो. पूर्वी बंदरांतून व नाक्यांवरून येणाऱ्या मालावर जकात घेतली जात असे, आणि तिचा पैसा थेट नगरपालिकेच्या तिजोरीत पडे. १९९९ साली राज्यातील नगरपालिकांची जकात बंद झाली व तिच्या बदली सरकारी अनुदान सुरू झाले. व्यापाऱ्यांचा जाच गेला, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु त्याबरोबर स्वतःच्या कमाईचा एक मोठा भागही गेला. आता हातात उरली ती मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी आणि किरकोळ फी. बाकी सारी भिस्त वरून येणाऱ्या अनुदानावर. अनुदान ज्या कामाकरिता येते त्याच कामावर ते खर्चावे लागते. त्यामुळे एखाद्या वाडीतील गटाराला पैसा नाही आणि सुशोभनाला मात्र आहे, असा विसंगत देखावा पुष्कळदा दिसतो. त्याचे कारण दर वेळी नगरसेवकांची लहर हेच असते असे नाही.

पाण्याची गोष्टही अशीच आहे. मालवण शहराला पाणी मिळते ते शहराच्या हद्दीबाहेरील धामापूरच्या तलावातून. सोळाव्या शतकात बांधलेला हा तलाव आजही शेतीला व पिण्याला उपयोगी पडतो. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून त्याचा गौरव केला. शहराची तहान भागविणारा पाण्याचा साठा शहराच्या सत्तेखाली नाही. तलावात गाळ साचला अथवा आजूबाजूच्या डोंगरावरील झाडी तुटली, तर त्याचा परिणाम मालवणच्या नळावर होणार. तथापि तो थांबविण्याचा अधिकार मालवणच्या सभागृहाला नाही.

आता समुद्राकडे वळावे. पाण्याच्या काठाशी पोचले की नगरपालिकेचे अधिकार पातळ होत जातात. बंदर व जेटी यांची व्यवस्था पाहते ते १९९६ च्या कायद्याने निर्माण झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ. मासेमारीचे नियमन करते ते राज्याचे मत्स्यव्यवसाय खाते, १९८१ च्या अधिनियमाप्रमाणे. समोरचा किल्ला आहे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. शिवाय १९८७ साली येथील समुद्राचा सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून त्या पाण्यात वन खात्याचाही शब्द चालतो. किनाऱ्याची जमीन सरकारची असल्याने जिल्हाधिकारी आहेतच, आणि त्यांची कचेरी ओरोसला आहे. एका दृष्टिक्षेपात मावणाऱ्या या देखाव्यावर इतक्या निरनिराळ्या सत्ता नांदत आहेत, हे पाहुण्याला सांगूनही खरे वाटणार नाही.

घरबांधणीत हा गुंता अधिक जाणवतो. समजा, किनाऱ्यालगत राहणाऱ्या एका कुटुंबाला आपल्या चिऱ्याच्या जुन्या घराला एक खोली जोडावयाची आहे. केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरण संरक्षण कायद्याखाली किनारा नियमनाची अधिसूचना काढली. लोक तिला सीआरझेड या आद्याक्षरांनीच ओळखतात. भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या पट्ट्यातील बांधकामावर तिने निर्बंध घातले. २०११ साली व पुन्हा २०१९ साली तिची नवी रूपे आली. पूर्वीच वसलेल्या शहरी भागात नवे बांधकाम अस्तित्वात असलेल्या रस्त्याच्या अथवा अधिकृत इमारतीच्या जमिनीकडील बाजूस करता येते, समुद्राकडील बाजूस नाही, असा तिचा स्थूल नियम आहे. नियमामागील हेतू उत्तमच आहे. वाळूचे बांध आणि खारफुटी शाबूत राहिली तर वादळाचा मारा कमी होतो. मे १९२१ नव्हे, अगदी अलीकडच्या मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने याच किनाऱ्यावरील घरे, होड्या व जाळी यांची जी हानी केली ती येथील लोक विसरलेले नाहीत. परंतु पिढ्यान्‌पिढ्या पाण्याच्या काठी राहिलेल्या मच्छीमाराला काठ सोडून कसे चालेल? त्याची होडी तेथे, जाळी तेथे, मासळी सुकविण्याची जागा तेथे. त्याच्या घराचा आणि परगावच्या धनिकाने बांधलेल्या विश्रामगृहाचा विचार एकाच मापाने होऊ नये, ही त्याची मागणी रास्त आहे. स्वतःच्या राहत्या तीनशे चौरस मीटरपर्यंतच्या घराबाबत, ते नियमांत बसत असेल तर, मंजुरीचा अधिकार २०१९ च्या अधिसूचनेने स्थानिक संस्थेस दिला. ही सवलत पुष्कळांना ठाऊकच नसते. आणि अधिकार न वापरला तर तो कागदावरच राहतो.

आता कचऱ्याचा हिशेब पाहावा. सरकारी अनुदान, सफाई कामगारांची संख्या, पाण्याचा अंदाज हे सारे ठरते ते बव्हंशी जनगणनेच्या आकड्यावरून. तो आकडा २०११ चा. कारण २०२१ साली व्हावयाची जनगणना त्या वर्षी झाली नाही. शिवाय जनगणना मोजते ती गावात राहणारी माणसे. दिवाळीच्या, नाताळच्या व उन्हाळ्याच्या सुटीत येणारे पाहुणे तिच्या हिशेबात नसतात. त्यांनी वापरलेले पाणी, टाकलेल्या बाटल्या आणि निवासगृहांच्या शोषखड्ड्यांत जाणारा मैला मात्र नगरपालिकेच्या वाट्याला येतो. येथील जमीन जांभ्या दगडाची व वाळूची. तिच्यातून पाणी सहज झिरपते. शोषखड्डा आणि विहीर जवळजवळ आली की एकाची घाण दुसरीत उतरण्यास वेळ लागत नाही. म्हणूनच मैल्याची व्यवस्था हा येथे केवळ स्वच्छतेचा प्रश्न नसून पिण्याच्या पाण्याचाही प्रश्न आहे.

लहान नगरपालिकेला काहीच करता येत नाही असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. वेंगुर्ल्याचे उदाहरण समोर आहे. त्या छोट्या शहराने घरोघरी कचरा वेगळा करण्याची शिस्त लावून घेतली. ओल्या कचऱ्यापासून खत व वायू होऊ लागला, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या कामी आला, आणि कचरा टाकण्याची जी जागा नाक धरून ओलांडावी लागे तेथे बाहेरगावचे लोक मुद्दाम पाहावयास येऊ लागले. यास फार मोठे भांडवल लागले नाही. लागली ती अधिकाऱ्यांची चिकाटी, नगरसेवकांची एकवाक्यता आणि गृहिणींचे सहकार्य.

या तिघांपैकी मधली कडी अलीकडे काही वर्षे तुटलेली होती. २०१६ च्या अखेरीस निवडलेल्या नगरपालिकांची पाच वर्षांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक व्हावी असे राज्यघटना सांगते. परंतु प्रभागरचना व इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांवरील वाद न्यायालयात गेले आणि निवडणुका लांबल्या. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या घेण्याचा आदेश दिला. २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातील बहुतेक नगरपालिकांसाठी मतदान झाले व २१ डिसेंबरला मोजणी झाली. मधल्या चार वर्षांत कारभार प्रशासकांकडे होता. दिवे लागत होते, झाडलोट होत होती, पट्टी वसूल होत होती. नव्हते ते सभागृह. नव्हता तो माणूस, ज्याला बाजारात गाठून ‘आमच्या वाडीचे पाणी कुठे गेले, भाऊ?’ असे विचारता येते, आणि ज्याला तोच प्रश्न सभेत उभे राहून मुख्याधिकाऱ्यांना विचारावा लागतो.

नगराध्यक्ष कसा निवडावा याबद्दलही राज्याचे मन स्थिर राहिलेले नाही. २००१ च्या निवडणुकीत त्याला थेट मतदारांनी निवडले. २००६ साली ती पद्धत गेली, २०१६ साली परत आली, २०२० साली पुन्हा गेली व २०२२ साली पुन्हा आली. पद्धत कोणतीही असो, सरकारने नेमलेला मुख्याधिकारी, लोकांनी निवडलेले सभागृह आणि ठराव तहकूब ठेवण्याचा अधिकार असलेला जिल्हाधिकारी, या तिघांतच कारभार चालावयाचा असतो.

मग सामान्य नागरिकाच्या हाती काय उरते? पहिली गोष्ट, नगरपालिकेची सर्वसाधारण सभा सामान्यतः लोकांना खुली असते. तेथे जाऊन बसता येते. रिकाम्या खुर्च्यांपुढे चाललेली सभा आणि शेजारीपाजारी ऐकत असताना चाललेली सभा, यांत फरक पडतोच. दुसरी गोष्ट, चतुर्वार्षिक कर आकारणी असो वा विकास आराखडा असो, हरकती व सूचना मागविल्या जातात. मुदत उलटल्यावर कट्ट्यावर केलेली चर्चा कितीही मार्मिक असली तरी तिची नोंद कोठे होत नाही. मुदतीत दिलेला साधा अर्ज नोंदला जातो. तिसरी गोष्ट, अंदाजपत्रक. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. तेव्हा आपल्या वाडीचे काम सुचवावयाचे ते त्याआधी, थंडीच्या दिवसांत. पावसात गटार तुंबल्यावर केलेल्या ओरड्याने तात्पुरता गाळ निघेल, नवे गटार बांधले जाणार नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. जेटी सागरी मंडळाची, मासळी मत्स्य खात्याची, किल्ला पुरातत्त्व खात्याचा, हे सारे खरे. तरीपण गावाच्या वतीने या सर्वांना पत्र लिहील, ठराव पाठवील आणि उत्तराचा पाठपुरावा करील अशी लोकनियुक्त संस्था गावात एकच आहे. ज्या विषयात नगरपालिकेला आज्ञा करता येत नाही त्या विषयात तिला मागणी तरी करता येते, आणि एकमताने केलेल्या मागणीला वजन असते. म्हणून ‘हे आमच्या कक्षेत येत नाही’ या उत्तराने नागरिकाने परत फिरू नये. ‘मग ज्यांच्या कक्षेत येते त्यांना नगरपालिकेने काय कळविले?’ असा पुढचा प्रश्न करावा.

जून व जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्या काठावर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, पाहुणे परतलेले असतात, आणि गाव पुन्हा आपल्या माणसांपुरते उरते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून दर्यावर्दी आपल्या कामाला लागतात. तत्पूर्वीच्या त्या पावसाळी दिवसांत जाळी विणली जातात, उसवलेले धागे सांधले जातात. गावकीच्या कारभाराची तक्रारवही उघडून, कोणती तक्रार कोणाकडे न्यावयाची हे ठरविण्यासही याहून चांगला काळ नाही.