काळ्या मातीतील विंच
वर्धा जिल्ह्यातील हिंगणी हे बोर व्याघ्र प्रकल्पालगतचे गाव असून तेथील काळी माती पावसात फुगून चिकट होते व रुतलेले चाक धरून ठेवते. म्हणून अशा भागातील जीपसाठी विंच, म्हणजे मोटरने ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र, निवडताना त्याची ओढशक्ती भारासह गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट धरतात. अडीच टनांच्या गाडीला त्यामुळे पावणेचार टनांचे विंच लागते. मात्र हा आकडा दोराच्या पहिल्या थरापुरताच खरा असतो, कारण थर चढले की गुंडाळीचा व्यास वाढून ओढ घटते. दोर कप्पीतून परत गाडीकडे आणल्यास ओढ जवळपास दुप्पट होते, आणि महागड्या विंचपेक्षा ही साधी कप्पीच अधिक मोलाची आहे. ताणलेला पोलादी दोर तुटल्यास जीवघेणा ठरतो. त्यावर जाड घोंगडी टाकावी व माणसांनी दूर उभे राहावे.