हँड, आर्म आणि रशियन रुका

रशियन माणसाच्या खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत जे काही आहे, त्याला रोजच्या बोलण्यात एकच शब्द पुरतो: रुका. इंग्रजीला तिथे दोन लागतात. मनगटापर्यंत आर्म, त्यापुढे हँड. मराठी वाचकाला ही अडचण चटकन कळेल, कारण आपलाही हात खांद्यापासूनच सुरू होतो आणि कुणाचा हात मोडला म्हटलं, की नेमका कुठे, हे वेगळं विचारावं लागतं. मनगटापुढच्या भागाला रशियनमध्ये ‘कीस्त’ म्हणतात, पण तो शब्द मुख्यतः डॉक्टर आणि चित्रकारांचा. शिवाय रंगाचा कुंचलाही कीस्तच आणि द्राक्षांचा घडही कीस्तच.

म्हणून इंग्रजी शिकणारा रशियन माणूस ज्या शब्दावर वारंवार अडखळतो, तो हा साधासुधा ‘हँड’. कडेवर मूल घेतलेल्या बाईचं चित्र दाखवून वर्णन करायला सांगा. रशियनमध्ये ते मूल ‘ना रुकाख’, म्हणजे हातांवर असतं. नवशिक्या सरळ म्हणतो, ‘ऑन हर हँड्स’. ऐकणाऱ्या इंग्रजासमोर दोन तळव्यांवर तोलून धरलेलं बाळ उभं राहतं. त्याच्या भाषेत बाळ ‘इन हर आर्म्स’ असायला हवं. याच ‘हातांवर वाहून नेणं’ या शब्दांना रशियनमध्ये आणखी एक अर्थ आहे: एखाद्याचे अतोनात लाड करणं, त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपणं. इंग्रजीत आणताना तिथे हातही उरत नाही.

खरं तर अगदी अनोळखी वाक्प्रचार फारसे फसवत नाहीत. जहाजावरची ‘ऑल हँड्स ऑन डेक’ ही हाक कळली नाही, तर शिकणारा मुकाट्यानं कोश उघडतो. अलेक्सांद्र कूनिन यांचा इंग्रजी-रशियन वाक्प्रचार कोश 1955 पासून याच कामी येतो आहे. हँड म्हणजे इथे खलाशी, हे कळलं की रशियन जहाजावरचा हुकूमही आठवतो; त्यात हात नाहीत, ‘शिट्टी वाजवून सगळ्यांना वर बोलवा’ असं आहे. मुरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘ओल्ड हँड’ म्हणतात, तर रशियनमध्ये गोळीबारातून वाचलेली चिमणी. असला फरक एकदा पाहिला की डोक्यात पक्का बसतो.

फसवतात ते जवळचे. भरवशाचा मदतनीस दोन्हीकडे उजवा हातच असतो. मूल ऐकेनासं झालं की इंग्रजीत ते ‘आउट ऑफ हँड’ जातं आणि रशियनमध्येही हातांतूनच सुटतं. अशा जोड्या मिळाल्या की शिकणाऱ्याचा धीर वाढतो आणि नेमका तिथेच पाय घसरतो. ‘ऑन द वन हँड, ऑन द अदर हँड’ हे त्याचं ठळक उदाहरण. रशियन वाक्यात तिथे हात नसून बाजू असते, त्यामुळे निबंधात ‘फ्रॉम वन साइड’ उमटतं. व्याकरणात बसतं, अर्थही लागतो, पण इंग्रज तसं लिहीत नाही.

क्रियापदांत मात्र हा शब्द रशियन माणसाला आपलासा वाटावा असा आहे. ‘दात’ म्हणजे देणं. त्याला उपसर्ग लावला की वही जमा करण्यासाठी ‘स्दात’, कागद वाटण्यासाठी ‘राझ्दात’, दुसऱ्याकडे सोपवण्यासाठी ‘पेरेदात’. इंग्रजी हेच काम मागून करते: हँड इन, हँड आउट, हँड ओव्हर. एकीकडे मूळ तेच ठेवून पुढचा तुकडा बदलतो, दुसरीकडे मागचा. सुटे अर्थ घोकायला लावण्याऐवजी शिक्षकांनी या दोन ओळी शेजारी शेजारी मांडल्या, तर विद्यार्थ्यांचे कितीतरी कष्ट वाचतील.

उच्चाराची गोष्ट वेगळी. इंग्रजी ‘ह’ रशियनमध्ये नाही. जुन्या काळी त्याचा ‘ग’ होई, म्हणून हॅम्लेट तिथे गामलेत झाला आणि हँबर्ग गांबुर्ग. नव्या शब्दांत ‘ख’ येतो. शब्दाच्या शेवटी ‘ड’चा ‘त’ करण्याची सवय जुनीच. त्यामुळे हँडचा कच्चा रशियन उच्चार ‘खेंत’च्या आसपास जातो.

याच रूपात तो रशियात स्थायिकही झाला आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, 1990च्या दशकात, पश्चिमेकडून वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठे येऊ लागले. दुकानांत ते किलोवर विकले जात. त्या दुकानाचं नाव पडलं ‘सेकंद-खेंद’. इंग्रजीत हे मुळात विशेषण. रशियननं त्याचं नाम केलं, त्याला विभक्ती लावल्या आणि लोक ‘सेकंद-खेंदमधून कोट घेतला’ असं म्हणू लागले. ऐकीव बातमी मात्र पूर्वीसारखीच ‘दुसऱ्या हातांतून’ येते, तिथे अस्सल रशियन रुका कायम आहे. बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी सोव्हिएत माणसाच्या आठवणींवरच्या 2013च्या रशियन पुस्तकाच्या नावात काळालाच हे ‘सेकंद हँड’ विशेषण जोडलं आणि तेही रशियन शब्दांत न मांडता तसंच उसनं घेतलं. 2015 साली त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं.