अमेरिकेतील गिफ्टेड शिक्षण आणि स्थलांतरित कुटुंबे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सार्वजनिक शाळांमध्ये असाधारण बौद्धिक क्षमतेच्या मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या विशेष शिक्षणक्रमांना ‘गिफ्टेड कार्यक्रम’ म्हणतात. देशभर लागू असणारी एकच योजना किंवा परीक्षा तेथे नसल्याने परदेशातून आलेल्या कुटुंबाला अशा कार्यक्रमाचा शोध स्वतःच घ्यावा लागतो. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा परिचयाची असलेल्या पालकांना ही व्यवस्था प्रारंभी विस्कळीत वाटू शकते.

कायदेशीर चौकट

अमेरिकेत शिक्षण हा प्रामुख्याने राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. १९८८ च्या जेव्हिट्स कायद्यान्वये या क्षेत्रातील संशोधनाला व प्रायोगिक प्रकल्पांना केंद्रीय निधी मिळतो. अशा वर्गात बसण्याचा हक्क मात्र त्यातून कोणालाही मिळत नाही. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात ही सोय कायद्याने बंधनकारक आहे, तर इतरत्र बरेच काही स्थानिक ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’वर सोपवलेले असते. हा महसुली जिल्हा नव्हे. ते परिसरातील शाळांचा कारभार पाहणारे स्वतंत्र मंडळ होय. त्यामुळे घराचा पत्ता निर्णायक ठरतो आणि एका ठिकाणी मिळालेली पात्रता दुसरीकडे मान्य होईलच असे नाही. सार्वजनिक शाळेतील प्रवेशासाठी मात्र स्थलांतराच्या कागदपत्रांची अट घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ (१९८२) या निकालाने स्पष्ट झाले.

निवड आणि तिच्यातील उणीव

निवडीसाठी कॉगॅट, नॅग्लिएरी यांसारख्या चाचण्या वापरतात. नॅग्लिएरी चाचणी आकृत्यांवर आधारलेली असल्याने इंग्रजी नवी असलेल्या मुलाला ती तुलनेने न्याय्य ठरते. तथापि खरी अडचण चाचणीच्या आधीच उद्भवते. पुष्कळ ठिकाणी शिक्षकाने किंवा पालकाने शिफारस केल्यावरच मुलाची तपासणी होते. नवागत पालकाला विचारायचे असते हेच ठाऊक नसते आणि अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या मुलाची तल्लख बुद्धी शिक्षकाच्या नजरेतून निसटते.

फ्लोरिडातील ब्रॉवर्ड काउंटीने २००५ मध्ये दुसरीच्या सर्व मुलांची प्राथमिक चाचणी सुरू केली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड व लॉरा जुलियानो यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पात्रतेचे निकष जराही न बदलता गरीब व अल्पसंख्याक मुलांचे प्रमाण त्यामुळे मोठ्या प्रमाणात वाढले. इंग्रजी शिकणारी मुले, तसेच मुली, जुन्या शिफारसपद्धतीत सातत्याने मागे राहत होत्या. पुढे आर्थिक तंगीमुळे ही सार्वत्रिक चाचणी बंद पडली, तेव्हा जुनी तफावत परतली.

पालकांची भूमिका

जेथे अशी सार्वत्रिक चाचणी नाही, तेथे पुढाकार पालकांनाच घ्यावा लागतो. तपासणीची मागणी शाळेकडे लेखी करणे हितावह असते. अनेक डिस्ट्रिक्टमध्ये चाचणी वर्षातून एकदाच होत असल्याने तिची मुदत प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावी लागते. मायदेशातील गुणपत्रिकांचे इंग्रजी भाषांतर सोबत जोडल्यास उपयोग होतो. पण केवळ उत्तम गुणांच्या आधारे सहसा निवड होत नाही.